टाचणी

पंचेचाळिसाव्या रस्त्यावरच्या त्या थिएटरात
माझी जागा तळघरात, बॉयलरच्या अलीकडे.
हुक, बटणं, उसवलेल्या कडा,
काखेतल्या घामाच्या वासावर व्होडकाचा फवारा.
हे बुडापेस्टला शिकले होते. इथं कुणी विचारत नाही कुठून आलीस,
विचारतात, सातपर्यंत होईल ना?

वर्ना लिंडक्विस्ट नेब्रास्काची.
बापाचा धान्याचा व्यापार, आता बुडालेला.
बोर्डिंगात चौघींत एक खोली
आणि दोघींत मिळून एक बरा कोट.
जिची ऑडिशन, कोट तिचा.
दुसरी त्या दिवशी खिडकीशी बसून राहायची,
पायांवर वर्तमानपत्र पांघरून.

अकरा महिने ती बाईंची भूमिका पाठ करत होती.
बाईंना काही होऊ दे, असं कधी म्हणाली नाही.
पण बाई शिंकल्या
की तिची पापणी हललेली
मी पाहिली आहे.

फेब्रुवारीतला गुरुवार. बर्फ गुडघाभर.
सव्वासातला निरोप आला: मिस कॉर्विन यांचा घसा बसला.
पडदा आठ चाळीसला.
बाईंची कंबर तीस, हिची पंचवीस.
हिरवं रेशीम, बाटलीच्या काचेसारखं,
जरा ओढलं की फिसकटणारं.
नीट शिवायला वेळ कुठला?
टाचणी, टाचणी, धावदोरा, टाचणी.
ती ओठांतल्या ओठांत संवाद म्हणत होती
आणि माझ्या हाताखाली तिच्या बरगड्या
पिंजऱ्यातल्या पाखरासारख्या.
श्वास सोड, म्हटलं. तिनं सोडला नाही.

पहिल्या अंकात आवाज पातळ.
दुसऱ्यात कुणीतरी खोकलं, मग आणखी कुणी,
मग तो खोकला रांगेरांगेनं पसरला.
मी विंगेत उभी, हातात डबी, टाचण्या मोजत.
तेवीस लावल्या होत्या. टाके घातले तशा काढल्या.
डबीत बावीस.
पुन्हा मोजल्या.

तिसऱ्या अंकात ती दाराकडे वळते,
नवऱ्याला म्हणते, "जा. मी थांबते."
ती वळली.
आणि थांबली.
डावा हात कमरेशी गेला, तिथंच राहिला.
प्रॉम्प्टरनं मान पुढे काढली,
वही त्याच्या बोटांतून घसरायला लागली.
कुणी खोकलं नाही.
मग वाक्य आलं, इतकं खाली, इतकं दमलेलं,
जसं ते नवऱ्याला नाहीच, भिंतीला सांगायचं होतं.

सकाळच्या पेपरात त्या विरामावर दोन ओळी होत्या.
तिनं कात्रण आरशाच्या कोपऱ्यात खोचलं.
मी तर रात्रीच ड्रेस उतरवताना पाहिला होता
परकरावरचा लाल ठिपका, मोहरीएवढा.
टाचणी उपसून ओठांत धरली.
तोंडात टाचण्या असल्या
की शिंपिणीला बोलावं लागत नाही.

शनिवारी बाई परत आल्या.
मी सगळी शिवण उसवली,
रेशमावर बारीक भोकांची एक रांग उरली,
बाईंना ती दिसली नाही.

एप्रिलात वर्ना पश्चिमेला गेली.
स्टुडिओचा कुणी माणूस, दोन वेळा फोन, एक तिकीट.
कोट मैत्रिणीला देऊन गेली.
तिकडे म्हणे लागत नाही.

तीन वर्षांनी, सेकंड अव्हेन्यूवर, एका तिकिटात दोन पिक्चर.
मी पाय शेकायला गेले होते, खरं सांगायचं तर.
दुसऱ्या पिक्चरमध्ये ती, मोलकरीण.
दार उघडते, सांगते, "बाईसाहेब, गाडी आलीय."
बस. पुन्हा दिसत नाही. नावही नाही.
पण सांगण्याआधी ती थांबली.
डावा हात कमरेशी.
माझ्या पुढच्या रांगेतली बाई
शेंगदाणे चघळायची थांबली.

म्हणजे तिला त्याच रात्री कळलं होतं.

घरी येताना बर्फ नव्हता, नुसता वारा.
तिकडच्या शिंपिणीचं नाव मला माहीत नाही.
हॉलिवूडला ती कुठल्या तळघरात बसते,
की तिकडे तळघरं नसतातच.
ती टाचण्या मोजत असेल का,
आणि रोज
एक कमी भरत असेल का.