दीड लिटर की दोन

पोवई नाक्याच्या खाली, मुनीर बागवानच्या दुकानात
आम्ही तासभर तहान मोजतोय.
दीड लिटर की दोन.
तीनची पण आहे, तो म्हणतो, पण ताई,
एक लिटर म्हणजे एक किलो,
पाणी काही स्वतःच्या पायांनी डोंगर चढत नाही.

मग त्यानेच शेजारून मागवल्या
साखरेच्या दोन पुड्या, किलो-किलोच्या,
बॅगेत भरल्या, बॅग माझ्या पाठीवर.
मी दुकानात फेऱ्या मारते
तंबूच्या काठ्या, शिट्ट्या, मोज्यांच्या ढिगांमधून,
वाकते, उठते, एक खोटा चढ चढते.
दारात उभा राहून नवरा फोनवर हिशेब करतो:
मुलगी सात वर्षांची, मुलगा सव्वाचार,
तीन तास जाऊन-येऊन, ऊन नोव्हेंबरचं,
गुणिले काहीतरी.

निहिराला नळी आवडली.
तिचं टोक दातांत धरून म्हणाली,
"आई, हे वासराचं आहे."
शंभूला नळी नको, निळी पाहिजे.
निळी दीड लिटरची, पट्टे त्याच्या गुडघ्यापर्यंत.
अर्ध्या लिटरची आहे का? आहे. पण केशरी.
मग जे व्हायचं ते झालं,
रस्त्यावरून जाणाऱ्यांनी आत डोकावून पाहिलं.

माझे प्रश्न मी घरून लिहून आणले होते.
छातीवरचा पट्टा श्वासाला आवळतो का.
चौथ्या वळणावर हा पोरगा फतकल मारून बसेल,
उचलावा लागेल, तेव्हा बॅग पुढे घेता येते
की नळी गळ्यात अडकते.
प्लॅस्टिकचा वास किती दिवसांनी जातो.
आणि मुख्य म्हणजे,
पिशवी आत, कापड बाहेर,
कुणी किती प्यायलं ते दिसणार कसं?
बाटलीत दिसतं.

मुनीरभाई जरा थांबला.
"दिसत नाही," म्हणाला. "विचारत राहायचं."
आणि पुड्या काढून घेता घेता,
"तोंड मोठं असलेली घ्या.
हात आत गेला पाहिजे धुवायला."

रविवारी नांदगिरीकडून कल्याणगड.
कुसळं मोज्यांत, मोजे खिशात.
दर दहा मिनिटांनी मी: प्यायलास?
तो: हो.
केशरी पाठीवर पाणी डचमळताना मला ऐकू येत होतं.
चौथं वळण कुठलं, दुसऱ्यालाच बसला.
बॅग पुढे आली, पोरगा मागे,
नळी गळ्यात अडकली नाही, कानात गेली.

वर गुहेत, अंधारात, गुडघाभर पाणी,
इतकं गार की बोलणं थांबलं सगळ्यांचं.
निहिरा कुजबुजली,
"डोंगरानं पण पिशवी आत ठेवलीय."

उतरताना शेळ्या घेऊन बसलेली एक बाई.
"वाईच पानी हाय का वो?"
नवऱ्याने नळी पुढे केली
आणि तशीच मागे घेतली.
चार तोंडांत जाऊन आलेली नळी.
बाईने ओंजळ केव्हाच पुढे धरली होती.

हा प्रश्न माझ्या कागदावर नव्हता.
पिणं सगळं विचारून झालं होतं,
पाजणं राहिलं होतं.

माझ्या पिशवीत शेवटचा घोट,
नवऱ्याच्यात नुसती हवा.
शंभूची उघडली, तर गच्च भरलेली,
सकाळी भरली होती तश्शी.
तोंड मोठं होतं. तिरकी केली.
धार तिच्या ओंजळीत पडली,
मनगटांवरून ओघळली, बांगड्यांखाली गेली.
ती प्यायली, ओले हात शेळीच्या तोंडावरून फिरवले,
"लई लांब आन्लं की रं पानी," म्हणाली.

"माझं संपवलं!" शंभूने टाहो फोडला
तो थेट गाडीपर्यंत.

आता तिन्ही पिशव्या दोरीवर उलट्या टांगल्यात,
आत लाकडी चमचे खोचून, भिंती चिकटू नयेत म्हणून.
वास अजून आहे थोडा.
नवरा विचारतो, मग दीड बरी होती की दोन?
मी नळ्या झटकते.