११॥

बाईंनी मोबाईल पुढे धरला,
"अस्संच पाहिजे, दादा. हीच भिंत."
मी दोन बोटांनी फोटो मोठा केला.
त्या भिंतीवर ऊन पडलेलं, तिरकं, सायीसारखं.
यांच्या आंबेगावच्या खिडकीतून
समोरच्या विंगेतले बाथरूमचे पाइप.

आणि लाकूडही लाकूड नव्हतं ते,
वर चिकटवलेला कागद.
टिंबर मार्केटात बावीस वर्षं गेली,
वास नाही आला तरी कळतं.
बोललो नाही. अॅडव्हान्स मोजून घेतला.

चार फळ्या, वेताची टोपली,
पाणी न लागणारं एक झाड.
गव्हाचं पिंप कुठे ठेवू, विचारलं
तर म्हणाल्या, फ्रेमच्या बाहेर.
मग इस्त्रीचं टेबल गेलं,
सासऱ्यांची काठी, पोराची सायकल,
सगळी दाराशी दाटीवाटीने उभी राहिली
चपला न काढलेल्या पाहुण्यांसारखी.

परवा रात्री तेजलने उठवलं,
"पप्पा, बघा ना, काय भारी घर आहे!"
खाली नऊ हजार बदाम.
मी चष्मा लावला.
तिसऱ्या फळीच्या कडेला
माझ्या पेन्सिलीचा आकडा, पुसायचा राहिलेला:
११॥

"आपल्याकडे पण करा असं."
आमच्या जनता वसाहतीत रिकामी भिंत एकच,
तिला टेकून ही झोपते.
हिने डोळे न उघडताच गादी जरा ओढून घेतली.

मी टेपचं टोक पोरीच्या हातात दिलं.
म्हटलं, घट्ट धर.