अर्धं तिकीट

सातशे चाळीस ग्रॅम.
काटा शून्यावर आणून मी पुन्हा तोलली.
एरवी पाचशेच्या आसपास भरते वार.
ही फुगीर, भिजत विसरलेल्या गोधडीसारखी,
बोट टेकवलं की खड्डा राहतो.

धुळ्याच्या या तळघरात पंखा आहे, वारा नाही.
बरणीवर नाव : दीपमाला अहिरराव, एकतीस,
कंडक्टर, साक्री डेपो.
सव्विसाव्या आठवड्यात ग्लुकोजचं पाणी प्यायली
वर लिंबू पिळून,
दोन तासांनी साखर एकशे अठ्ठ्याऐंशी.
तोवर नंदुरबारच्या फेरीला डबल बेल देत होती.

काल वॉर्डात गेले तर तिनं हात धरला,
"ताई, मनी साखरनी पोरले काय करं?"

मी टेक्निशियन. कापते, रंगवते, काचेवर चढवते.
सांगणं माझं काम नाही.
सांगितलं.

बाळ अर्धं तुझं, अर्धं परक्या घरचं.
पांढऱ्या पेशी म्हणजे तुमचे चेकिंगवाले,
अनोळखी दिसला की हटकणार.
पण वारेच्या दारात त्या नरमतात.
वार त्यांना एक पास दाखवते,
आणि त्यांच्यातल्याच काही जणी
बाकीच्यांचं मनगट धरून म्हणतात,
बसू दे गं, नऊ महिन्यांचा रस्ता आहे,
उतरेल आपणहून.

साखर चढली की बहुधा
पासावरची शाई पुसट होते,
मनगट धरणाऱ्या कमी पडतात.
बाळाला कुणी ढकलत नाही खाली.
गाडी तापते, एवढंच.

बहुधा म्हणाले,
कारण एका अभ्यासात त्या पेशी कमी भरल्या, दुसऱ्यात जास्त,
आणि माझ्या भिंगाखाली फक्त
गुलाबी, पाणावलेली बोटं,
त्यांच्यात जांभळे ठिपके, जरा दाट.
ठिपका सांगत नाही
तो भांडायला आला होता की राखणीला.

तो वार, ती वार.
घाव घालणारा आणि अंग अंथरणारी,
एवढा मोठा फरक
आपल्या भाषेनं नुसत्या लिंगावर सोडून दिला.

ती ऐकून हसली, टाके दुखले म्हणून थांबली.
"तापेल गाडीम्हाबी उतरनी नही.
मनी आंडेर शे ती."
शेजारी तीन किलो नऊशेची आंडेर
मूठ तोंडात कोंबून झोपलेली,
टाचेवर साखर तपासल्याचा कापूस.

आज सकाळपासून सासू दाराशी, मडकं घेऊन.
नातनी वार माले दे, परसात पुरायची आहे.
फॉर्मॅलिनमधली पुरत नाहीत, आजी.
माती जळते.
ती बरणीकडे बघत राहिली,
मग मडक्यावरचं फडकं परत बांधलं, दोन गाठी.
"वजन कितलं भरनं?"
सातशे चाळीस.

जिना चढताना ती आकडा पुटपुटत होती,
वर पोचेपर्यंत विसरू नये म्हणून.