चार बोटं पातं

इमारतीला पालिकेची नोटीस लागली तेव्हा
दाराआड एक पिशवी टांगली:
बॅटरी, शिट्टी, बाबांच्या गोळ्या,
रेशनकार्डाची झेरॉक्स.
चाकू तेवढा राहिला.

जांभळी नाक्यावर हकिमुद्दीनभाईंनी
काचेवर सात मांडले.
मिटणारे मी आधीच बाजूला सारले.
बिजागरीत रेती गेली की
ऐनवेळी उघडत नाहीत,
नाहीतर बोटावरच मिटतात.
वीतभर नको, चार बोटं पुरे,
पातं मुठीच्या शेवटापर्यंत आत गेलेलं.
"ओल्या हातानं धरून बघा," भाई म्हणाले
आणि पेल्यातलं पाणी
माझ्या तळव्यावर ओतलं.

शेजारी विभास उभा होता. माझा धाकटा.
त्याच्या त्या वर्षी, कोपरीच्या याच घरात,
सुऱ्या, कात्री, विळी
सगळं कपाटात
आणि किल्ली आईच्या गळ्यात.
भेंडी आम्ही हातानं मोडायचो.
टोमॅटो नुसते चिरडायचे.
कोणी काही बोलत नसे,
भाजी तेवढी ओबडधोबड व्हायची.

दोन चाकूंत मी अडकले.
त्यानं डावीकडचा उचलला,
भाईंकडे सुतळी मागितली,
एका ओढीत कापली.
मग मूठ माझ्याकडे करून म्हणाला,
"हा घे. हा घसरत नाही."

म्यान रेक्झिनचं, आठ टाक्यांचं.
रिक्षात पुडकं त्याच्याच मांडीवर.
कोपरी पुलावर बराच वेळ अडकलो.
मी बाहेर बघत बसले,
ठरवून.