अलेक्झांड्रियाची शिवण

सेफोरिसच्या खालच्या बाजारात, तेलाच्या घाण्याला लागून
शापिराचं दुकान. म्हणजे एक उंबरठा आणि त्यावर ती.
फाटलेलं आणावं, अखंड न्यावं.
अलेक्झांड्रियाची शिवण यायची तिला:
उलट करा, सुलट करा, उन्हात धरा,
कुठे फाटलं होतं ते कापडालाही आठवू नये.

मी सात वर्षांची. सुईत दोरा ओवायचा,
आणि लोकरीच्या अंगरख्यात तागाचा धागा शिरू नये
म्हणून दोन टोपल्यांवर नजर ठेवायची,
एवढंच माझं काम.

ती म्हणायची, पहिला शिंपी तोच.
बागेतून काढलं त्या दोघांना, पण उघडं नाही धाडलं,
आधी बसून शिवलं.
कशाचं? कुणी म्हणतं कातड्याचं, कुणी उजेडाचं.
एका अक्षराचा फरक. आणि आम्ही गालीलकर,
आमच्या घशात ती दोन्ही अक्षरं एकच होतात.
दक्षिणेचे पंडित हसतात त्यावरून.
"हसू देत," शापिरा दाताने दोरा तोडत म्हणायची,
"त्यानेही आमच्यासारखंच उच्चारलं असेल."

आभाळसुद्धा जुन्या कापडासारखं विरणार
हे आम्ही ऐकून होतो.
पण तिची आई गेली.
गळ्यापासून काळजापर्यंत तिने अंगरखा फाडला, टरकन.
तो आवाज त्या दुकानात मी कधी ऐकला नव्हता.

तीस दिवस चीर तशीच.
मग टाचायची मुभा असते, ओबडधोबड, दिसेल असं.
नीट शिवायचं नाही. आईबापांसाठी कधीच नाही.

रात्री ती दिवा लावून बसली.
सकाळी चीर गायब.
हाताची सवय. तिने उसवली.
दुसऱ्या रात्री पुन्हा तेच,
बोटांना वाईट शिवता येईना.
तिसऱ्या दिवशी अंगरखा माझ्या मांडीवर टाकला.
"तू शीव."

एक टाका जवाएवढा, एक बोटभर,
मध्ये गाठ, तिथे माझं थेंबभर रक्त.
तिने वरून खाली बोट फिरवलं,
अंधारात जिना उतरावा तसं.
"अस्संच," म्हणाली.

तीही गेली. मी तिची कुणी नव्हते,
रिवाजाने माझ्या गळ्याशी चीर येत नव्हती.
दुकान चालवते. कपडा लग्नाचा असो, कुणाचाही असो,
शेवटचा टाका वाकडा पडतो.
गिऱ्हाईक विचारतं.
मी सांगते, सुई बोथट झालीय.