दोन्हीकडून लिहिलेली वही

दोनशे पानी वही, पुठ्ठ्यावर बैलजोडी.
पुढून उघडली की क्रिकेट,
उलटी करून मागून उघडली की फुटबॉल.
दोन वह्यांचे पैसे नव्हते, एवढंच कारण.
लिहायचो मी. खेळायचा शालिक टेकाम.

भादव्यात, नाल्याकाठच्या पडीत रानात
चामड्याचा बॉल पाणी पिऊन पिऊन
वासराच्या डोक्याएवढा जड व्हायचा.
शालिक तो कपाळावर घ्यायचा
अन् रात्री भाकर मोडताना म्हणायचा,
बापू, डोक्यात अजून घंटा वाजून राह्यली.
पाय अनवाणी, घोट्याला आईच्या लुगड्याची चिंधी.
ब्लॅडर फाटलं की मारेगावला, रहेमतभाईच्या सायकल दुकानात.
तो ट्यूबचं ठिगळ लावायचा,
पैसे राहू दे म्हणायचा, गोल मार.
वहीत आहे: घुग्घुस कॉलरीवर दोन,
दोन्ही डाव्या पायाने.
दुसऱ्यापुढे चिखलाचा डाग पडला आहे, तो त्याच दिवसाचा.

दसऱ्यापर्यंत चिखलाच्या खपल्या निघायच्या.
त्याच जागेवर आम्ही तरट अंथरायचो, चार कोपऱ्यांना खिळे,
आणि तोच डावा पाय
बॉलच्या टप्प्यापर्यंत पोचायचा, घाई न करता,
जसं घरातलं माणूस दार उघडायला येतं.
सिक्स पऱ्हाटीत जायचा. सापडायचा नाही.
महिन्याने वेचणीला आलेल्या बायांपैकी
शेवंताबाई ओटीतून काढून द्यायची,
दवाने रंग उडालेला:
घ्या, तुमच्या शालिकचं बोंड.

गुडघा गेला तो वणीच्या फायनलात, पोळ्याच्या आठवड्यात.
वाळली तुराटी मोडावी तसा आवाज
मला रेषेबाहेर ऐकू आला.
मी वेळ तेवढी लिहिली. अडतिसावं मिनिट.
मागून येणारी पानं तिथे थांबली.

तरी हिवाळ्यात तो बॅट घेऊन आलाच,
आणि मी त्याचा रनर.
पाय तुहे बापू, रन माहे, असं म्हणून हसायचा.
एक हंगाम मी त्याच्या नावावर धावलो,
एकशे चौदा.
माझ्या स्वतःच्या नावावर त्या वर्षी नऊ.

कायरवाल्यांशी सामना आमच्याच रानात होता.
शेवटची ओव्हर, चार हवे.
त्याने कव्हरला मारला, मी निघालो,
आणि बघतो तर शेजारी शालिक,
लंगडत, दात दाखवत, पळतोय.
विसरला होता.
फेक आली ती खाली, एक टप्पा घेऊन, थेट त्याच्या डाव्या पायाशी.
पायाने त्याला विचारलं नाही.
थांबवला. मान वर करून एकदा बघितलं.
मग त्या दोन बाभळींच्या मधून
(पावसाळ्यातले आमचे गोलपोस्ट)
सरळ, जमिनीलगत, नाल्यात.

गुराख्यांची पोरं तेवढी ओरडली.
ढवस गुरुजींनी नियमाचं पुस्तक खरोखर वाचलेलं होतं.
क्षेत्ररक्षणात अडथळा, ते म्हणाले, आणि बोट वर केलं,
पण जरा उशिरा.

संध्याकाळी मी पेन घेऊन बसलो.
झेलबाद नाही, त्रिफळा नाही,
पायचीत म्हणावं तर तेही नाही, पाय तर जिंकला होता.
शालिक गुडघ्याला हळद-चुना थापत होता.
लिही न बे, म्हणाला. गोल.
मी लिहिलं.

ते रान आता खाणीच्या मातीखाली आहे.
ढिगाऱ्यावर वेड्या बाभळी उगवल्यात, पण त्या कुठेही उगवतात.
शालिक वजनकाट्यावर बसतो, ट्रकचे नंबर टिपतो,
अक्षर माझ्यापेक्षा चांगलं निघालं त्याचं.
परवा वही घेऊन गेलो.
त्याने ती उलटी धरली, मग सुलटी,
चष्मा पुसला, कोळशाची धूळ फुंकली,
खूप वेळ पानं चाळली
आणि मान वर करून विचारलं,
तुहे ते नऊ कुठी हायेत?