दरपत्रक

चहा दहा. वडापाव पंधरा. खुर्ची, सभेला एक, आठ.
फेटा भाड्याचा की विकतचा, विचारून लिहायचं.
आटपाडीला माझी नेमणूक, खर्च पथकात, कॅमेऱ्यासकट.

भाऊंच्या सभेवर चार ड्रोन फिरत होते.
हिशेबात एक आला.
बाकीचे म्हणे पुतण्याच्या वाढदिवसाचे.

शनिवारी शेळ्यांच्या बाजारात
बायाक्का कोळेकर, अपक्ष, निशाणी शिट्टी,
पालथ्या घमेल्यावर उभी राहून
पाण्याच्या पाळीवर बोलली, घसा बसेपर्यंत.
मधेमधे शेळ्या ओरडायच्या, ती थांबायची.

"मांडा की सायेब, किती झालं?"

मी रकाने चाळले.
घमेलं तिचंच. गर्दी बाजाराची.
आवाजाला दर कुठंच नव्हता.
लिहिलं : निरंक.

तिनं वाचलं. सही करेना.
"खडीसाखर घेतली की मघाशी,
पाच रुपयांची.
ती धरा."